शहाण्णव खुर्च्यांची जागा

शहाण्णव खुर्च्या दिवसभर एका ठिकाणी असतील आणि संध्याकाळी कोणी त्या उचलून दुसऱ्या ठिकाणी लावत असेल, तर त्या खुर्च्यांची खरी जागा कोणती म्हणायची? ज्या माणसाने हे काम सव्वीस वर्षे केले त्याची हकिगत लिहायला बसल्यावर हा प्रश्न पहिल्याच ओळीत आडवा आला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत त्याचे उत्तर सापडले नाही. तेव्हा प्रश्न तिथेच ठेवून हकिगत सांगणे बरे.

त्या माणसाला महाविद्यालयात सगळे चिडीचूपमामा म्हणत. हुद्दा ग्रंथालय परिचराचा. ताबा पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षाचा. तीन उंच खिडक्या, दोन खांब, मेजांच्या बारा ओळी, दर ओळीला आठ खुर्च्या, आणि झाडून सगळ्या खुर्च्यांची तोंडे काउंटरकडे, म्हणजे मामांकडे. मामा कधी ओरडत नसत. ओरडून शांतता राखणे म्हणजे चिखलाने फरशी पुसणे, असे त्यांचे मत होते. कपाटाची पितळी किल्ली ते काउंटरवर टेकवीत. एक टकटक म्हणजे ‘ऐकू आले’. दोन म्हणजे ‘कोण ते दिसले’. तिसरी कोणी ऐकलेली नव्हती. ती ऐकलेला एक विद्यार्थी पदवी न घेताच गाव सोडून गेला, अशी वदंता मात्र दर नव्या तुकडीला न चुकता पोचत असे. ती कोणी पसरवली हे मामांना ठाऊक होते, कारण ती त्यांनीच पसरवली होती.

त्यांची खरी करामत संध्याकाळी सहानंतरची. वाचक गेले की मामा खुर्च्या लावीत. नुसत्या सरळ करीत असे नव्हे. प्रत्येक खुर्ची उलटून बैठकीखाली रंगवलेला नंबर पाहून तिला तिच्याच जागी नेत. यात वेड नव्हते, विचार होता. कक्षाची फरशी जुनी आणि उंचसखल. एका जागी स्थिर बसणारी खुर्ची दुसऱ्या जागी डुगडुगे, आणि डुगडुगणारी खुर्ची वाचणाऱ्यापेक्षा जास्त बोलते. म्हणून मामांनी प्रत्येक खुर्चीच्या पायांना तिच्या जागेप्रमाणे जाड-बारीक रबरी बुचे बसवली होती आणि तिला नंबर देऊन टाकला होता. बुचे झिजली की ते स्वतः बदलत. सकाळी आठला दार उघडे तेव्हा बारा ओळी अशा उभ्या असत की बघणाऱ्याने आपोआप पाय आपटू नयेत.

मामींना या शिस्तीचे कौतुक होते, पण त्यांच्या पद्धतीचे. “खुर्च्यांना नंबर घातलेत, आता माझ्या वाट्यांनाही घाला,” त्या म्हणत. “कोणती हरवली ते तरी कळेल.”

“वाट्या हरवत नाहीत. तू शेजारी देतेस आणि विसरतेस.”

“बघा, तिथंही नजर तुमचीच.”

घरात चौथे माणूस होते ते सूनबाई. मुलगा दौऱ्यावरच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सूनबाई सकाळी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांवर चिठ्ठ्या लावी आणि दुपारी मामांच्याच महाविद्यालयात अर्धवट राहिलेली पदवी पुरी करी. बाकीचे विषय तिने हातोहात सोडवले. संख्याशास्त्राने मात्र तिला दोनदा धूळ चारली होती. नियम असा, की तिसऱ्यांदा नापास झाल्यास नोंदणी रद्द. प्रयोगशाळेने तिला पदवीनंतर तंत्रज्ञाची जागा कबूल केली होती. तेव्हा ती तिसरी परीक्षा म्हणजे तिच्या दृष्टीने नदीवरचा एकच साकव होता. घरात या गोष्टीचा उच्चार कोणी करीत नसे. मामा एवढेच म्हणत, “शांतपणे बसून वाच, येईल.”

याच सुमारास ग्रंथपालबाईंच्या बारा वर्षांच्या पाठपुराव्याला यश आले आणि वाचनकक्षाची नव्याने रचना करायला संस्थेने मंजुरी दिली. बाईंचे म्हणणे साधे होते. अभ्यास ही एकट्याने गिळण्याची गोष्ट उरलेली नाही. विद्यार्थी चौघे मिळून प्रकल्प करतात, एकमेकांना शिकवतात, चुकतात, भांडतात आणि त्यातून शिकतात. ग्रंथालयाने या बोलण्याला छप्पर दिले पाहिजे.

“बोलायला कॅन्टीन आहे की, बाई,” मामा म्हणाले होते.

“कॅन्टीनमध्ये पुस्तकं नाहीत, मामा.”

“आणि इथं चहा नाही. फिट्टंफाट.”

बाई हसल्या, पण विषय सोडला नाही. संस्थेची अट अशी होती की आधी पाहणी करावी. त्यासाठी एक तरुण आर्किटेक्ट नेमली गेली. ती मोजपट्ट्या, कॅमेरा आणि एक मदतनीस घेऊन आली तेव्हा मामा दारातच उभे राहिले. “ताई, वाचनाच्या वेळेत मोजमाप चालणार नाही. मुलांचं लक्ष उडतं.” आर्किटेक्टला हे पटले. कुणाच्याही कामात व्यत्यय न आणता पाहणी करणे हा तिच्या शिक्षणाचा भाग होता. ती पंधरा दिवस रोज सकाळी साडेसातला येई आणि दार उघडण्याआधी सगळ्या कक्षाची छायाचित्रे घेई. सोबत एक प्रश्नावली होती. ती वाचकांनी वाचनकक्षात बसून भरायची होती, आणि तिच्यातला सहावा प्रश्न असा होता: ‘आपण ग्रंथालयात इतरांशी चर्चा करता का?’ दोनशे अकरा जणांनी मान वर करून काउंटरकडे पाहिले आणि ‘नाही’ लिहिले.

अहवाल आला. खुर्च्या ओळींतच वापरल्या जातात. गटाने बसल्याच्या खुणा कुठेही नाहीत. वाचकांना चर्चेची गरज भासत नाही. शिफारस अशी, की शहाण्णव आसने तशीच ठेवून प्रत्येकाभोवती तीन बाजूंनी आडोसा घालावा. ग्रंथपालबाईंनी तो आराखडा दोन वेळा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बारा वर्षं मागितलं काय आणि पदरात पडलं काय,” त्या म्हणाल्या. “शहाण्णव खुराडी.”

“पण पाहणीत तसंच निघालं ना, बाई,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती आणि पोटात गुदगुल्या होत होत्या. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याच्या शांततेला भिंती मिळणार होत्या. यापरता सन्मान तो कोणता? शुक्रवारी समितीची सही व्हायची होती.

सोमवारी दुपारी मामा बुचांचा डबा आणायला मागच्या जिन्याने भांडारात निघाले. हा जिना सहसा कोणी वापरत नसे. दुसऱ्या वळणावर त्यांना बोलणे ऐकू आले आणि किल्ली धरलेला हात सवयीने कठड्याकडे गेला. मग आवाज ओळखीचा निघाला, आणि हात तिथेच थांबला.

“ही पायरी म्हणजे सरासरी,” सूनबाई सांगत होती. “मी दोन पायऱ्या वर उभी आहे. तू तीन खाली आहेस. म्हणजे मी अधिक दोन, तू उणे तीन.”

“मग बेरीज केली की वरचं खालचं एकमेकाला खाऊन टाकतं,” दुसरी एक बाई म्हणाली.

“म्हणून तर वर्ग करायचा. वर्ग केला की उणे जातं. वर आहे की खाली आहे हे विचारायचंच नाही, किती लांब आहे तेवढं बघायचं.”

“अगं बाई! असा वर्ग सासूसुनांचा करता आला असता तर संसार सुखाचे झाले असते.”

चौघी खदाखदा हसल्या. मामांनाही हसू फुटले, पण ते ओठांपर्यंत येण्याआधी त्यांचा बूट पायरीवर वाजला आणि जिना एकदम गप्प झाला. सूनबाई झटकन उभी राहिली. तिने पुस्तकांची पिशवी पोटाशी धरली, जणू तीत काही चोरलेले होते.

“इथं का बसता तुम्ही?” मामांनी विचारले. “वर जागा रिकामी आहे.”

मघाशी विनोद करणारी बाई रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची जीभ कुणाच्या दबावाखाली नव्हती. “जागा आहे हो, मामा. पण तोंड घेऊन येऊ देत नाही तुम्ही, आणि आमचा अभ्यास तोंडातूनच आत जातो. सात महिने झाले या पायऱ्यांवर. आता इमारतीचे व्यवस्थापक म्हणाले, येत्या सोमवारपासून जिना मोकळा ठेवायचा, आग लागली तर पळायचा रस्ता आहे म्हणे. आग लागेपर्यंत आम्ही कुठं बसायचं, ते नाही सांगितलं.”

“गप गं,” सूनबाई पुटपुटली.

“का गप? त्यांना माहीत असू दे की.”

मामा बुचांचा डबा न घेताच परत फिरले. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोलण्याने गप्प झाले होते.

रात्रीच्या जेवणापूर्वी, मामी पाने वाढत असताना, त्यांनी सूनबाईला विचारले, “मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार, बाबा? वर बसलो होतो एकदा, जूनमध्ये. खिडकीपाशी खुर्च्या वळवून. तुम्ही दोनदा किल्ली वाजवली. तुम्हाला मी दिसले नव्हते, खांबाआड होते. बाकीच्या म्हणाल्या, तुझे सासरे आहेत, तू सांग. मी म्हटलं, मी नाही सांगणार. त्या कक्षात तुमचा शब्द आहे. घरच्या माणसानंच तो मोडायचा म्हणजे…” तिने वाक्य सोडून दिले. “मला एकटीला येत नाही, बाबा. शांत बसले की डोकंही शांत बसतं. कुणाला तरी समजावून सांगितलं की मला कळतं.”

“दोनदा नापास झालीस ती त्यामुळं?”

“पहिल्यांदा एकटीनं केला अभ्यास. दुसऱ्यांदाही एकटीनं. जिना आत्ता सापडला.”

मामींनी वाटी जराशी आपटून ठेवली. “माणसं जिन्यात आणि खुर्च्या खोलीत,” त्या म्हणाल्या, “आणि त्याला म्हणायचं वाचनकक्ष.”

मामा त्या रात्री वेळेवर झोपले, पण सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी कक्षात पोचले. खिडकीजवळची सदतीस नंबरची खुर्ची त्यांनी उलटी केली. तिची बुचे त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बदलली होती, पण मागच्या दोन्ही पायांची पुन्हा झिजली होती, आणि तीही सपाट नव्हे, तिरकी. खुर्ची ओढून अर्धवट वळवली की रबर असेच झिजते, एका कडेने. अडतीस तशीच. पंचेचाळीस, सेहेचाळीस तशाच. खांबाजवळच्या सहाही खुर्च्या तिरक्या. मग ते उत्तरेच्या भिंतीकडे गेले. एक्क्याऐंशी नंबरचे बूच तीन वर्षांचे होते आणि चारही पायांना सारखे चेपलेले. ती खुर्ची ओढली की सरळ मागे जाई आणि सरळ पुढे येई. तिच्यावर बसणारा एकटाच बसत असला पाहिजे.

मामा त्याच खुर्चीवर बसले. सव्वीस वर्षे ते दर संध्याकाळी विद्यार्थ्यांचे म्हणणे पुसून टाकत होते आणि दर सकाळी म्हणत होते, बघा, यांना काही म्हणायचेच नाही. खुर्च्या वळतात हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. रोज उलट्या वळवून लावणाऱ्याला ते न कळून कसे चालेल? पण त्याला ते ‘पसारा’ म्हणत आले होते. पसारा हा शब्द एकदा लावला की त्यात काय आहे ते कुणी बघत नाही.

शुक्रवारला तीन दिवस होते. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. शांतता त्यांची, भिंती त्यांच्या, निवृत्तीच्या भाषणात दोन गौरवाची वाक्येही त्यांचीच. साडेनऊला ग्रंथपालबाई आल्या तेव्हा मामा त्यांच्या दाराशी उभे होते.

“बाई, पाहणी चुकली आहे.”

“कशावरून?”

“ती ताई सकाळी यायची. सकाळचा कक्ष मुलांचा नसतो. माझा असतो.”

बाईंनी आधी पेन खाली ठेवले, मग सगळे ऐकून घेतले. संध्याकाळच्या खुर्च्या, नंबर, दारात अडवलेली आर्किटेक्ट, काउंटरकडे बघून भरलेली प्रश्नावली. त्यांचा चेहरा लाल झाला.

“मामा, मी तुम्हाला हे काम कधी सांगितलं होतं?”

“नाही, बाई. तुमच्या आधीच्या साहेबांनीही नाही. मीच लावून घेतलं.”

“बारा वर्षं मी पुरावा शोधतेय आणि तुम्ही तो रोज सहा वाजता उचलून ठेवताय.” त्या उठून खिडकीशी गेल्या. “आता समिती पुरावा मागेल. तुमच्या शब्दावर आराखडा बदलणार नाही कुणी.”

“शब्दावर नको बदलायला. खुर्च्या उलट्या करा.”

दुपारी आर्किटेक्टला बोलावून घेतले. तिने पहिल्या पाच खुर्च्या पाहिल्या, मग ती फरशीवर बसली आणि मांडीवर कक्षाचा नकाशा पसरला. मामा नंबर सांगत गेले, बाई बूच पाहत गेल्या, ती ठिपके देत गेली. तिरक्या झिजेला लाल, सपाटला निळा. सहा वाजेपर्यंत नकाशावर बहात्तर लाल ठिपके आणि चोवीस निळे होते. लाल ठिपके खिडक्यांपाशी आणि दोन्ही खांबांभोवती घोळक्याने बसले होते. निळे उत्तरेच्या भिंतीला ओळीने.

“दर खुर्ची रोज तिच्याच जागी परत जायची?” आर्किटेक्टने विचारले. “एकही दिवस चुकल्याशिवाय?”

“तापात होतो तेव्हा दोन दिवस चुकलं. पुढच्या दिवशी भरून काढलं.”

ती नकाशाकडे बघत राहिली. “मामा, खुर्च्या तुम्ही अदलाबदल करून लावल्या असत्या ना, तर यातलं काहीच वाचता आलं नसतं. सगळी झीज मिसळून गेली असती. तुम्हीच पुसलंत आणि तुम्हीच लिहून ठेवलंत.”

“म्हणजे शिक्षा अर्धी का?” मामांनी विचारले, आणि ग्रंथपालबाई दिवसात पहिल्यांदा हसल्या.

शिक्षा म्हणाल तर एक झालीच. समितीला ताजा पुरावा हवा होता, म्हणून एक आठवडा खुर्च्या लावायच्या नाहीत आणि संध्याकाळी सहाला छायाचित्रे घ्यायची, असे ठरले. सही तोवर पुढे ढकलली गेली. मागच्या तीन ओळींत हलक्या आवाजात बोलायला परवानगी दिली, आणि जिन्यावरच्या चौघी सोमवारी तिथे येऊन बसल्या. त्या आठवड्यात मामांची जी अवस्था झाली ती मामींनी शेजारी सांगितली ती अशी: “घरी येऊन चपला सरळ लावतात, मग पुन्हा सरळ लावतात. मी म्हटलं, वाट्या घ्या नंबर घालायला, मन रमेल.”

समितीपुढे मामांना बोलावले तेव्हा त्यांनी एकच मागणी केली. बोलणाऱ्यांना खिडक्या द्याव्यात, त्या त्यांच्याच आहेत. पण उत्तरेची बाजू चोवीस जणांसाठी राखावी. ती माणसेही तितकीच खरी आहेत. मध्ये भिंत असावी, भिंतीला दार असावे, आणि दार आपोआप मिटणारे असावे. “कारण बोलत जाणारा माणूस मागे वळून दार लावत नाही,” ते म्हणाले. कार्यवृत्तात हे वाक्य जसेच्या तसे नोंदले गेले आहे.

सुट्टीत काम झाले आणि जुलैत कक्ष उघडला. खिडक्यांपाशी गोल मेजे आली, दोन्ही खांबांना लिहिण्याचे फळे आले, चाकांच्या खुर्च्या आल्या. चाकांना बुचे लागत नाहीत हे मामांना पहिले दोन दिवस पचले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी कुठलासा वाद रंगला आणि आवाज चढला. मामांचा हात आपसूक किल्लीकडे गेला आणि टकटक झाली. सगळा कक्ष क्षणात चिडीचूप. खांबाजवळच्या फळ्यापुढे खडू धरून उभी असलेली सूनबाईही थांबली आणि तिने सासऱ्यांकडे पाहिले.

मामांनी किल्ली खिशात घातली. “बोला, बोला,” ते म्हणाले, “सवय आहे, जाईल हळूहळू.”

परिचारिका मागून ओरडली, “मामा, ही तिसरी होती का?”

“तिसरी ऐकली असतीस तर इथं दिसली नसतीस.”

हशा पिकला, आणि तो पुरता विरण्याआधीच वाद पुन्हा सुरू झाला. मामा आपोआप मिटणाऱ्या दारातून पलीकडे गेले. तिथे चोवीस जुन्या खुर्च्या होत्या, प्रत्येकीखाली नंबर. सहा वाजता त्या त्यांनी लावल्या. त्याला आता वीस मिनिटे लागत नसत, पाच पुरत. उरलेल्या वेळात ते गोल मेजांमधून हिंडत आणि कोण कुठे बसले होते ते नुसते पाहून घेत. काही हलवीत नसत.

एप्रिल २०१८ च्या परीक्षेत सूनबाई संख्याशास्त्रात एकसष्ट गुणांनी उत्तीर्ण झाली. मामा ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निवृत्त झाले. मार्च २०२३ च्या सामानमोजणीत वाचनकक्षात एकशे आठ खुर्च्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी चोवीस खुर्च्यांच्या बैठकीखाली नंबर होते.